मान्यता तीन दिवसांची, स्की तीनशे वर्षांची: नवा छोटा देश हिवाळी खेळांत कसा उतरतो

५ फेब्रुवारी १९९२ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला मान्यता दिली आणि ८ फेब्रुवारीला फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. आदल्या वर्षी २५ जूनला युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर करून लगोलग दहा दिवसांचे युद्ध पाहिलेल्या आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळायला अजून साडेतीन महिने अवकाश असलेल्या या देशाचे खेळाडू तीन दिवसांच्या मान्यतेवर स्वतःच्या झेंड्यामागून जगासमोर चालत गेले. देश किती मोठा, हे आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर क्षेत्रफळ अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडे जास्त आणि लोकसंख्या त्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे सुमारे वीस लाख.

याच देशाने पुढे २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्ण, तीन रौप्य आणि दोन कांस्य अशी सात पदके मिळवली. अशा यशाला चमत्कार म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. पण स्लोव्हेनियाच्या बाबतीत तो शब्द गैरलागू आहे. देश नवा होता, पण त्याचे खेळाडू, त्याचे बर्फाचे उतार आणि त्याचा स्की तयार करणारा कारखाना हे सारे जुने होते. नवी होती ती मान्यतेची कागदपत्रे, काही खेळांतली शून्यापासूनची क्रमवारी आणि पैशांची चणचण. नवजात राष्ट्राला वारशाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायला या देशाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आधी कागदपत्रांचे पाहू. ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळतो तो त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिम्पिक समितीमार्फत. ही समिती स्थापन करायची तर त्या देशात किमान पाच खेळांचे राष्ट्रीय महासंघ असावे लागतात आणि ते आपापल्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न असावे लागतात. म्हणजे स्वातंत्र्याची घोषणा संसदेत एका दिवसात होऊ शकते, पण स्कीचा महासंघ, स्केटिंगचा महासंघ, आइस हॉकीचा महासंघ यांची नोंदणी, घटना आणि संलग्नता ही कामे एकेक करून उरकावी लागतात. स्लोव्हेनियाची ऑलिम्पिक समिती १५ ऑक्टोबर १९९१ रोजी स्थापन झाली, १५ जानेवारी १९९२ रोजी युरोपीय समुदायाने देशाला मान्यता दिली आणि त्यानंतर तीन आठवड्यांत ऑलिम्पिकचे दार उघडले. ज्या संस्थांच्या कारभाराला आपण सहसा कंटाळवाणा म्हणतो, त्यांनी एवढी चपळाई दाखवल्याचे प्रसंग विरळाच.

१९९६ नंतर हा नियम अधिक कडक झाला आणि आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्यता दिलेले स्वतंत्र राज्य असणे ही नव्या सदस्यासाठी अट झाली. सर्बियापासून फुटलेल्या कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, परंतु त्याला ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली ती ९ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांचा सदस्य तो अजूनही नाही, आणि भारताने तर त्याला देश म्हणून मान्यताच दिलेली नाही. त्यामुळेच २०१८ साली दिल्लीत महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा झाली, तेव्हा कोसोव्होच्या खेळाडूला व्हिसा मिळाला नव्हता. क्रीडाजगताची मान्यता आणि परराष्ट्र खात्याची मान्यता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या वेळी दिल्लीतच दिसले.

उलट बाजूही भारतीयांनी अनुभवली आहे. देश जुना आणि मोठा असला, तरी त्याची ऑलिम्पिक समिती निलंबित असेल तर झेंडा मिळत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेवर निलंबन आले, ते २०१४ चे सोची हिवाळी ऑलिम्पिक सुरू झाले तरी उठले नव्हते. परिणामी ल्यूज या बर्फावरच्या घसरगाडीच्या खेळात उतरलेल्या शिवा केशवन यांना ऑलिम्पिकच्या पाच वर्तुळांच्या झेंड्याखाली खेळावे लागले. त्यांची शर्यत उरकली आणि त्यानंतर ११ फेब्रुवारीला निलंबन उठले. एका देशाला तीन दिवस आधी झेंडा मिळाला, दुसऱ्याच्या खेळाडूला तो दोन-तीन दिवस उशिरा आला.

आता वारशाकडे वळू. स्लोव्हेनियात स्की ही काही ऑलिम्पिकबरोबर आलेली गोष्ट नाही. देशाच्या दक्षिणेला ब्लोके नावाचे पठार आहे. तिथले शेतकरी लाकडाच्या पातळ फळ्या पायांना बांधून, हाती एकच काठी घेऊन, डोंगरउतारावरून सापासारखी वळणे घेत खाली येतात, असे वर्णन वाल्वासोर या विद्वान सरदाराने १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रांतवर्णनात लिहून ठेवले आहे. मध्य युरोपातील स्कीच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये या वर्णनाची गणना होते.

वायव्य टोकाला, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमांना खेटून, प्लानित्सा नावाची दरी आहे. स्की-उडी या खेळात खेळाडू उंच मनोऱ्यासारख्या उतारावरून सुसाट खाली येतो, कडेला पोचताच स्वतःला हवेत झोकून देतो आणि दोन्ही स्की पंखांसारख्या पसरून जितके दूर जाता येईल तितके जाऊन उतरतो. या खेळाचे अनेक मैलाचे दगड याच दरीत रोवले गेले आहेत. स्तान्को ब्लोउदेक हे विमानांचे आराखडे करणारे अभियंते होते. त्यांच्या नावाच्या उतारावर १९३६ साली ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलने माणसाची पहिली शंभर मीटरपलीकडची उडी मारली. १९९४ साली दोनशे मीटरची रेषा पहिल्यांदा ओलांडली गेली तीही याच दरीतल्या मोठ्या उतारावर, फिनलंडच्या टोनी निएमिनेनकडून. आणि मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियाच्याच डोमेन प्रेव्त्सने तिथे २५४.५ मीटरचा विश्वविक्रम केला. क्रिकेटच्या मैदानाच्या एका सीमारेषेपासून समोरच्या सीमारेषेपर्यंतचे अंतर घ्या, त्याच्या दीडपटीहूनही पुढे हा माणूस हवेतून गेला.

तिसरा वारसा कारखान्याचा. बेगुन्ये या गावातल्या एलान कंपनीची सुरुवात १९४५ साली रूडी फिन्झगार या स्की-उडीपटूने केली. स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क, ज्याने विश्वचषक मालिकेत ८६ शर्यती जिंकल्या, तो याच गावच्या स्कीवर उभा राहून जिंकला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एलानच्या अभियंत्यांनी टोकांना रुंद आणि मध्यभागी कमरेसारखी निमुळती अशी स्की तयार केली. तिला नुसते कलते केले की ती आपोआप वळण कापत जाते. आज हौशी माणसापासून विजेत्यापर्यंत सर्वांच्या पायांत याच आकाराची स्की असते. म्हणजे देश जन्माला येत होता, त्याच सुमारास त्याचा कारखाना साऱ्या जगाच्या स्कीचा आकार बदलत होता.

आणि चौथा वारसा माणसांचा. युगोस्लाव्हियाने हिवाळी ऑलिम्पिकच्या साऱ्या इतिहासात चार पदके मिळवली आणि चारही स्लोव्हेनियाच्या खेळाडूंची होती. पहिले १९८४ साली बॉस्नियाची राजधानी सारायेव्होत, यजमान देशाच्याच भूमीवर, युरे फ्रान्को याने जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत, मिळवलेले रौप्यपदक. सारायेव्होचे लोक त्या दिवशी ‘वोलिमो युरेका व्हिशे ओद बुरेका’ अशा घोषणा देत होते. अर्थ असा की, आम्हाला बुरेकपेक्षाही युरेक जास्त आवडतो. बुरेक म्हणजे पिठाच्या तलम पापुद्र्यांत खिमा भरून भाजलेला तिथला जीव की प्राण असलेला पदार्थ, तेव्हा या कौतुकाची पातळी लक्षात यावी. पुढे आठ वर्षांनी त्याच सारायेव्होला वेढा पडला आणि शहराबाहेरच्या, बॉबस्ले या घसरगाडीच्या खेळाच्या घसरणमार्गाचा उपयोग तोफांसाठी होऊ लागला. युगोस्लाव्हियाच्या फुटण्यात स्लोव्हेनिया दहा दिवसांत सुटला. बॉस्नियाच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही, आणि या खेळकथेत ते विसरून चालणार नाही.

इथपर्यंत वाचून असे वाटेल की, एवढे सगळे हाताशी असल्यावर झेंडा बदलण्यापलीकडे काही करायचे उरलेच नव्हते. स्कीपटूंच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याचे कारण गुणांच्या हिशेबात दडलेले आहे.

उतारावरील स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघ प्रत्येक खेळाडूच्या नावावर गुण मांडतो, आणि इथे गुण जितके कमी तितका खेळाडू चांगला. जगातल्या अव्वल खेळाडूचे गुण शून्य. एका शर्यतीचे गुण दोन भागांनी बनतात. समजा, स्लॅलमच्या दोन फेऱ्या मिळून विजेत्याला १०० सेकंद लागले आणि तुम्हाला १०३. तुम्ही तीन टक्के मागे राहिलात. या टक्केवारीला त्या प्रकारासाठी ठरवलेल्या गुणकाने गुणतात. हिशेबाच्या सोयीसाठी तो ७०० धरला, तर तुमच्या पिछाडीचे गुण झाले २१. आता ती शर्यत किती तगड्या खेळाडूंची होती, यावरून तिला एक अधिभार लागतो: विश्वचषकाच्या शर्यतीला जवळजवळ शून्य, तर गल्लीतल्या शर्यतीला भरपूर. तुमच्या शर्यतीचा अधिभार ३० असेल, तर एकूण ५१ गुण. हंगामातल्या अशा सर्वोत्तम दोन निकालांची सरासरी म्हणजे तुमचे मानांकन.

या हिशेबात देशाचे नाव कुठेच येत नाही. गुण माणसाच्या नावावर असतात, त्यामुळे देशाची पाटी बदलली तरी ते त्याच्याबरोबर जातात. फेब्रुवारी १९९१ मध्ये फ्रान्सी पेतेक युगोस्लाव्हियाच्या नावाने स्की-उडीचा विश्वविजेता झाला. वर्षभराने तोच माणूस, तीच कला घेऊन, स्लोव्हेनियाचा खेळाडू होता.

सांघिक खेळात मात्र मानांकन देशाच्या नावावर असते, आणि तिथे नव्या देशाची खरी पंचाईत होते. येसेनित्से हे पोलादाच्या कारखान्याचे लहानसे गाव. तिथल्या आइस हॉकी संघाने युगोस्लाव्हियाचे राष्ट्रीय अजिंक्यपद २३ वेळा मिळवले होते. तरीही स्वतंत्र स्लोव्हेनियाला १९९३ साली जागतिक हॉकीच्या सर्वांत खालच्या, ‘क’ गटातून सुरुवात करावी लागली. शिडीची प्रत्येक पायरी स्वतः चढत हा देश सर्वोच्च गटात पोचला तो २००२ साली. याहून बोलके उदाहरण जवळपासचेच आहे. चेकोस्लोव्हाकिया दुभंगला तेव्हा त्याची सर्वोच्च गटातली जागा चेक प्रजासत्ताकाला मिळाली आणि स्लोव्हाकियाला, ज्याचे खेळाडू कालपर्यंत त्याच संघात होते, ‘क’ गटात जाऊन बसावे लागले. वाटणीत एका भावाला घर आणि दुसऱ्याला अंगण, असाच तो प्रकार होता. स्लोव्हाकियाने २००२ मध्ये विश्वविजेतेपद मिळवूनच त्याची परतफेड केली.

या लांबलचक शिडीचे फळ स्लोव्हेनियाला सोचीत मिळाले. २०१४ साली त्यांचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकला पात्र ठरला. संघाचा मुख्य आधार आन्झे कोपितार हा येसेनित्सेच्याच परिसरात वाढलेला, तेव्हा लॉस एंजेलिस किंग्जकडून खेळणारा आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पोचलेला पहिला स्लोव्हेनियन. संघाचा प्रशिक्षक होता त्याचाच बाप. या संघाने स्लोव्हाकियाला ३-१ आणि ऑस्ट्रियाला ४-० असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया या ज्या दोन देशांची नावे आणि झेंडे सारे जग एकमेकांत मिसळून टाकते, ते समोरासमोर आल्यावर निदान धावफलकावर तरी कोण कोणता हे स्पष्ट झाले.

वैयक्तिक खेळात गुण सोबत येत असले, तरी ज्याच्यापाशी मुळात गुणच नाहीत त्या देशाचे काय, हा प्रश्न उरतो. अशा देशांसाठी ऑलिम्पिकमध्ये किमान पात्रतेची एक पायरी ठेवलेली आहे. २०१४ आणि २०१८ साली स्लॅलम आणि जायंट स्लॅलमसाठी १४० पेक्षा जास्त गुण नसलेला एक पुरुष आणि एक महिला पाठवण्याची मुभा अशा देशांना होती. पण पात्र ठरणे निराळे आणि झुंजणे निराळे. शर्यतीत खाली उतरण्याचा क्रम मानांकनावरून लागतो. पहिले पंधराजण कोऱ्या, काचेसारख्या कडक बर्फावरून जातात. त्यांच्या स्कीच्या धारा प्रत्येक खांबाजवळ बर्फ खरवडून काढतात, आणि मागून येणाऱ्याला तिथे खड्डे आणि चाकोऱ्या मिळतात. साठाव्या क्रमांकाच्या खेळाडूचे गुडघे प्रत्येक वळणावर अशा धक्क्यांतून जातात. विश्वचषकाच्या शर्यतीत तर पहिल्या फेरीनंतर तिसांच्या आत असलेल्यांनाच दुसरी फेरी मिळते आणि मालिकेचे गुणही (हे गुण निराळे, जितके जास्त तितके चांगले) पहिल्याला १०० पासून तिसाव्याला १ असे तिथेच संपतात. मागून उतरायचे म्हणून वेळ वाईट, वेळ वाईट म्हणून मानांकन वाईट, आणि मानांकन वाईट म्हणून पुन्हा मागून उतरायचे. हे चक्र पहिल्या पिढीत तोडता येते ते फारच थोड्यांना.

आल्बेरव्हिलमध्ये स्लोव्हेनियाला एकही पदक मिळाले नाही. दोनच वर्षांनी लिलेहॅमरला तीन कांस्यपदके आली, आलेंका दोव्झान, कात्या कोरेन आणि युरे कोशिर यांची, तिन्ही उतारावरील स्कीइंगमधली. त्यानंतर नागानो कोरडे, सॉल्ट लेक सिटीला स्की-उडीचे एक सांघिक कांस्य, तुरिन पुन्हा कोरडे. वीस लाखांच्या देशाचा आलेख असाच असतो. मोठ्या देशाचा एक खेळाडू घसरला तर दुसरा असतो. इथे एकाचा पाय मुरगळला तर चार वर्षे वाया जातात.

१७ फेब्रुवारी २०१० रोजी व्हॅंकूव्हर ऑलिम्पिकमध्ये नेमके हेच होऊ घातले होते. सपाटीवरच्या स्की-दौडीच्या स्प्रिंट प्रकारात पेत्रा मायदिच पदकाची दावेदार होती. शर्यतीआधी सराव करताना एका वळणावर ती मार्गाबाहेर घसरली आणि सुमारे तीन मीटर खोल, दगडधोंड्यांच्या घळीत जाऊन आदळली. बरगड्या मोडल्या होत्या. तशा अवस्थेत तिने पात्रता फेरी धावून काढली, मग उपांत्यपूर्व, मग उपांत्य आणि मग अंतिम फेरी, एकाच दिवसात चार शर्यती. प्रत्येक शर्यत संपली की ती बर्फावर कोसळायची आणि माणसे तिला उचलून न्यायची. तिसऱ्या क्रमांकाचे पदक स्वीकारायला ती आली तेव्हा फुप्फुसाला इजा झालेली होती आणि छातीत नळी बसवलेली होती. असे खेळणे वैद्यकीयदृष्ट्या शहाणपणाचे होते असे मला वाटत नाही. तिच्या जागी उतरवायला तिच्या तोडीचे दुसरे कोणी देशापाशी नव्हते, हे मात्र खरे.

पैशांचा प्रश्न याच धाग्याने येतो. स्लोव्हेनियात अनेक अव्वल खेळाडूंना लष्कर, पोलीस किंवा सीमाशुल्क खात्यात नोकरी असते आणि लॉटरीच्या उत्पन्नातला एक वाटा खेळांकडे जातो. तरीही एका खेळाडूभोवती प्रशिक्षक, डॉक्टर, स्कीला धार लावून मेण चढवणारा तंत्रज्ञ असा ताफा उभा करणे छोट्या महासंघाला परवडत नाही. तीना माझे हिने २००८ साली राष्ट्रीय संघाबाहेर पडून स्वतःचा छोटा खासगी चमू उभारला. आडनाव असे की मराठी माणसाला ती आपलीच वाटावी. २०१२-१३ च्या हंगामात तिने विश्वचषक मालिकेत २,४१४ गुण मिळवले. स्त्री-पुरुष कोणीही त्याआधी एका हंगामात इतके गुण मिळवले नव्हते. सोचीत तिने डाऊनहिलचे, म्हणजे उतारावरच्या सर्वांत वेगवान शर्यतीचे, सुवर्ण जिंकले, हिवाळी ऑलिम्पिकमधले देशाचे पहिलेच, आणि तेही स्वित्झर्लंडच्या डोमिनिक गिझिनबरोबर विभागून, कारण दोघींची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत सारखी होती. सहा दिवसांनी जायंट स्लॅलमचे सुवर्ण मात्र तिचे एकटीचे होते. इल्का श्टुहेत्स २०१७ आणि २०१९ साली डाऊनहिलची विश्वविजेती झाली. तिच्या स्कीला मेण चढवण्याचे काम कित्येक हंगाम तिची आई करीत असे. गरम इस्त्रीवर मेणाची वडी धरायची, थेंब स्कीच्या तळावर पाडायचे, इस्त्रीने ते पसरवायचे, थंड होऊ द्यायचे, मग खरवडून आणि घासून तळ आरशासारखा करायचा. बर्फ किती ओला आणि किती थंड यावर कोणते मेण हे ठरते, आणि तिथे चूक झाली तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. श्रीमंत संघांत हे काम स्की-कंपन्यांचे पगारी तंत्रज्ञ करतात.

२०१८ साली प्याँगचांगमध्ये कोसोव्हो पहिल्यांदा हिवाळी ऑलिम्पिकला आला. त्याच्या वतीने एकच खेळाडू होता आणि उद्घाटनाला झेंडाही त्यानेच धरला. अल्बिन ताहिरी त्याचे नाव. वडील कोसोव्होचे, आई स्लोव्हेनियन, जन्म स्लोव्हेनियातल्या नोव्हो मेस्तोचा, आणि लुब्लियानात तो दंतवैद्यकाचे शिक्षण घेत होता. स्लोव्हेनियाच्या संघात त्याला जागा मिळणे अवघड होते; कोसोव्होला जागा होती, पण तिच्यावर उभा करायला स्कीपटू नव्हता. तो उतारावरील स्कीइंगच्या पाचही वैयक्तिक प्रकारांत उतरला. चार वर्षांनी बीजिंगला तो परत आला तेव्हा कोसोव्होच्या संघात त्याच्याशिवाय आणखी एक नाव होते, कियाना क्रिएझिऊ या मुलीचे.